बोट ठेवायची जागा

ट्रेकचा लांबट फोटो कुणाच्या घरी भिंतीवर लागला की एक गोष्ट हमखास होते. त्या ट्रेकला गेलेला माणूस फोटोजवळ जातो, काचेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "इथे आपले तंबू होते." मग बोट सरकतं. "इथून वळसा घालून आलो. हा तो घसरडा टप्पा." घरातली बाकीची मंडळी माना पुढे करून बघू लागतात. ग्रुपच्या सहलीतले पॅनोरमा, म्हणजे कॅमेरा फिरवत काढून जोडलेले लांबट फोटो, छापून विकायचे असतील, तर घेणाऱ्याला काय हवंय ते त्या बोटाकडे बघून समजतं. नुसता सुंदर डोंगर त्याला कॅलेंडरवरही मिळतो. हा प्रिंट तो घेतो, कारण त्यात त्याची जागा आहे. ती जागा स्पष्ट दिसली पाहिजे आणि खरी असली पाहिजे. फोटो काढण्यापासून तो कुरिअरच्या नळीत भरेपर्यंतचे सगळे निर्णय याच एका मागणीवर तपासून घ्यावेत.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घेऊ. पाचनईहून जा, खिरेश्वरहून तोलार खिंडीने जा किंवा बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढा, प्रत्येक ग्रुप शेवटी तिथे जाऊन बसतो आणि प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी तिथे फोन आडवा फिरवतं. बहुतेक वेळा तो फोटो फसतो, आणि दोष फोनचा कमी, उभं राहण्याच्या जागेचा जास्त असतो. कडा आत वळलेला आहे, वाटीसारखा. त्या वाटीच्या बरोबर मध्यावर उभं राहून १८० अंश फिरवलं की कड्याचे दोन तुकडे होतात. एक फोटोच्या डाव्या टोकाला जातो, दुसरा उजव्या, आणि मधली सगळी रुंदी खालच्या धुरकट कोकणाला मिळते. ज्या वळणासाठी माणूस इतका चढून आला ते वळणच फोटोत उरत नाही. त्यापेक्षा कमानीच्या एका टोकाकडे सरकावं आणि समोरची पूर्ण वाटी ९० ते १०० अंशांत बसवावी. कड्याचं खोलगट पोट, माथ्यावरची सपाटी, तिथे बसलेली माणसं आणि तळातली झाडी एका ओळीत येते. पॅनोरमा म्हणजे जास्तीत जास्त फिरवणं, हा समज आधी सोडायला हवा. १०० अंशांचा नीट बांधलेला फोटो १८० अंशांच्या पसाऱ्यापेक्षा भिंतीवर जास्त टिकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळ संध्याकाळची. कड्याचं तोंड पश्चिमेला असल्याने सकाळी त्याचा पृष्ठभाग सावलीत असतो आणि डोंगराची सावली खाली कोकणात लांबवर पडलेली असते. सूर्य मावळण्याआधीचा तास-दीड तास उजेड कातळावर तिरका पडतो आणि एकेक थर उठून दिसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने धुतलेली हवा मिळते, मार्चनंतर धूसरपणा इतका वाढतो की मागच्या रांगा कागदावर उतरतच नाहीत. सकाळचा मान वेगळ्या गोष्टीचा. सूर्य पाठीशी आणि दरीत ढग असेल तर इथे इंद्रवज्र दिसतं. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात इथल्या गोलाकार इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. त्याचा फोटो जरूर काढावा, पण पॅनोरमात तो घालू नये. ते वर्तुळ प्रत्येकाला स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं. ज्याने फोटो काढला त्याचंच ते राहतं, ग्रुपमधल्या चौदा जणांना त्यावर बोट ठेवता येत नाही.

आता कॅमेरा. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा उभा धरलेला. अशी एक फ्रेम आडवी साधारण २७ अंश घेते. शेजारच्या दोन फ्रेममध्ये ३० टक्के भाग सामाईक ठेवला तर १०० अंशांना ५ फ्रेम पुरतात. दोन्ही बाजूंना एकेक जास्त घ्यावी, कारण जोडल्यावर फोटोच्या कडा कापाव्या लागतात. हाताशी येते साधारण १४,५०० पिक्सेल रुंद आणि कातरून ४,८०० पिक्सेल उंच फाइल. हे प्रमाण ३:१ चं. ३६ इंच रुंद छापलं तर इंचाला ४०० पिक्सेल मिळतात, ४ फूट छापलं तरी ३००. याउलट त्याच कॅमेऱ्याची एकच आडवी फ्रेम वरून-खालून कापून ३:१ केली तर उरतात ६,००० × २,००० पिक्सेल, म्हणजे ३६ इंचांना इंचामागे १६६. तो फोटो सोफ्यावरून बरा दिसतो, बोट ठेवायला जवळ गेलं की तंबूचा नुसता ठिपका होतो.

एक हिशेब विकणाऱ्याने पाठ करून ठेवावा. वरच्या मापात १५ मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा ३६ इंची प्रिंटवर साडेसात-आठ मिलिमीटर येतो, ओळखू येतो. तोच माणूस ६० मीटरवर असला तर चेहरा २ मिलिमीटरचा होतो आणि ओळख जाकिटाच्या रंगावर राहते. म्हणून फ्रेम घेण्याआधी मंडळींना सांगून बसवावं. सगळ्यांनी एकाच फ्रेमच्या मध्यभागी यावं, दोन फ्रेमच्या सांध्यावर कुणी बसू नये आणि ती एक फ्रेम तीन-चारदा घ्यावी, म्हणजे कुणाचे डोळे मिटलेले असले तर दुसरी वापरता येते. सांध्यावरचा माणूस हलला की त्याचं अर्धं धड गायब होतं किंवा तो दोनदा येतो. नंतर मास्क लावून ते सुधारता येतं, पण वाऱ्याने हललेलं गवत आणि माणूस एकाच सांध्यावर आले की काम फार किचकट होतं.

कॅमेऱ्यात सगळं मॅन्युअल: एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स, आयएसओ. ऑटो ठेवलं तर सूर्याकडची फ्रेम काळवंडते, शेजारची फटफटीत होते आणि जोडल्यावर आकाशात उभे पट्टे पडतात. ज्या फ्रेममध्ये सर्वांत जास्त उजेड आहे तिच्यावर एक्स्पोजर ठरवून उरलेल्या सगळ्या त्यावरच घ्याव्यात, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काही न बदललेल्या मूळ फाइलमध्ये. पोलरायझर, म्हणजे लेन्सवरचा आकाश गडद करणारा फिल्टर, काढून ठेवावा. सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश तो जास्त गडद करतो, आणि रुंद फोटोत तेवढाच निळा डाग उठून दिसतो. सगळी मालिका मिनिटभरात संपवावी, कारण मावळतीला उजेड झपाट्याने बदलतो आणि ढग तर सरकतातच.

ट्रायपॉडचं डोकं नव्हे, पाय समतल करायचे. पाय तिरके राहिले की फिरवताना क्षितिज नागमोडी होतं. दुसरी चूक फिरण्याच्या बिंदूची. डोळ्यासमोर बोट धरून मान वळवली की बोट मागच्या भिंतीवरून सरकतं, तसंच पायाजवळचा खडक मागच्या दरीवरून सरकतो आणि सांधा जुळत नाही. यावर उपाय म्हणजे कॅमेरा ट्रायपॉडवरच्या सरकत्या पट्टीवर मागेपुढे सरकवून असा बिंदू शोधणं, जिथे जवळची काठी आणि लांबचा सुळका एका रेषेत ठेवून कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवला तरी दोघं एका रेषेतच राहतात. फोटोग्राफर त्याला नोडल पॉइंट म्हणतात. लेन्सप्रमाणे तो बदलतो, म्हणून घरी एकदा शोधून पट्टीवर खूण करून ठेवावी. पट्टी नसेल तर पाच मीटरच्या आतलं काही फ्रेममध्ये येऊ देऊ नये. हातात धरून काढत असाल तर हात लांब करून कमरेत वळू नका. कॅमेरा जागेवर ठेवून स्वतः त्याच्याभोवती पावलं टाकत फिरा. आणि हे कड्याच्या काठापासून चांगलं मागे राहून. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत पावलं टाकणाऱ्याच्या मागे दुसरं कुणी उभं असावंच.

फ्रेम जोडायला ह्यूगिन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि उत्तम आहे, पीटीगुई विकतचं, लाइटरूममध्येही सोय आहे. सिलिंड्रिकल प्रोजेक्शन, म्हणजे नळकांड्याच्या आतून बघितल्यासारखी मांडणी, डोंगरांना चांगलं; मात्र त्यात जवळची सरळ भिंत, तटबंदी किंवा धरणाचा बांध धनुष्यासारखा वाकतो. लाइटरूममध्ये बाउंडरी वॉर्प नावाची एक पट्टी असते, ती सरकवली की कडेच्या रिकाम्या जागा फोटो ताणून भरल्या जातात. इथे थांबावं. थोड्या ताणाने बिघडत नाही, पण पूर्ण टोकाला नेलं की सुळके आडवे फुगतात, आणि ज्याने ते सुळके तीन तास चालताना पाहिलेत त्याला ते लगेच खटकतं. काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही, पण तो प्रिंट घेत नाही. रिकामी जागा आपोआप भरणारी साधनं तर नसलेली झाडी आणि नसलेले कातळ तयार करतात. रुंदी थोडी कापलेली चालेल. बोट जिथे ठेवायचं तिथे खोटा डोंगर नको.

मोठ्या फाइलचे काही अडथळे आधी माहीत असावेत. जेपेगला कुठल्याही बाजूला ६५,५३५ पिक्सेलची मर्यादा आहे, फोटोशॉपच्या साध्या पीएसडीला ३०,००० ची, त्यापुढे पीएसबी हा फोटोशॉपचाच मोठ्या फाइलचा प्रकार. १०० अंशांच्या कामात हे आड येत नाही, पण लांब लेन्सने दोन ओळींत काढलेल्या पॅनोरमात नक्की येतं.

छपाईबद्दल आपल्याकडे एक फार चांगली गोष्ट आहे, आणि ट्रेकवाल्यांना ती क्वचितच माहीत असते. लग्नाच्या अल्बमचं उघडलेलं पान १२ × ३६ इंचांचं असतं. म्हणजे बरोबर ३:१. त्यामुळे तालुक्याच्या गावातली कलर लॅबही या मापाचा खरा फोटो-कागदावरचा प्रिंट रोजच्या रोज काढत असते. महागड्या फाइन आर्ट स्टुडिओत जाण्याआधी इथे जावं. फाइल ३,६०० × १०,८०० पिक्सेलची, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), एसआरजीबी या नेहमीच्या रंगमानकात, जेपेग पूर्ण दर्जाची द्यावी आणि लॅबवाल्याला दोन गोष्टी सांगाव्यात: ऑटो करेक्शन बंद ठेवा, आणि फाइल माप बदलून लावू नका. ऑटो चालू राहिलं तर लग्नातल्या चेहऱ्यांसाठी बसवलेलं यंत्र संध्याकाळचा तांबूस कातळ पांढुरका करून देतं. फ्लेक्सच्या दुकानात स्वस्तात मोठं काम होतं, पण फ्लेक्स दहा फुटांवरून बघायची वस्तू आहे.

१२ इंचांपेक्षा उंच किंवा जास्त टिकाऊ काम हवं असेल तर पिगमेंट शाईचा इंकजेट. रोल १७, २४, ३६, ४४ इंच रुंदीचे येतात. २४ इंची रोलवर साडेअकरा इंच उंचीचे दोन पॅनोरमा शेजारी शेजारी बसतात आणि कागद वाया जात नाही. पूर्ण १२ इंचांचा हट्ट धरला तर समास राहत नाही आणि खर्च दुप्पट होतो. कागदाची निवड लांबवू नका. कोकणकड्याच्या कातळाला मॅट कॉटन कागद शोभतो, सावलीतली काळी खोली मात्र ल्यूस्टर किंवा बरायटा या थोडी चकाकी असलेल्या कागदांवर जास्त चांगली उतरते.

रंगात पावसाळी हिरवा सगळ्यांत त्रास देतो. स्क्रीनवर जो पोपटी चमकतो तो कागदाला झेपत नाही; सगळी झाडी एकाच सपाट हिरव्या रंगात मिसळते आणि पानांचा भेद जातो. छपाईआधी हिरव्याची तीव्रता उतरवावी आणि थोडा पिवळ्याकडे न्यावा. दुसरी नेहमीची तक्रार प्रिंट काळा आल्याची. स्क्रीनचा प्रकाश जास्त ठेवून काम केलेलं असतं, म्हणून तसं होतं. पूर्ण प्रत काढण्याआधी चाचणीची एक पट्टी छापून बघावी: फोटोच्या पूर्ण उंचीची, चार इंच रुंद, जिच्यात आकाश, सावलीतला कातळ, हिरवळ आणि माणसं चारही येतील अशी. ती दिवसाउजेडी खिडकीशी आणि रात्री घरच्या दिव्याखाली बघावी. फोटो रात्रीच जास्त बघितला जातो. धार (शार्पनिंग) शेवटी, अंतिम मापावर आणल्यानंतरच लावावी.

आता विक्रीचं. यात अवघडलेपण असतं, कारण घेणारे सगळे ओळखीचे. "आपल्याच माणसांकडून काय पैसे घ्यायचे" म्हणून एक-दोन प्रती फुकट दिल्या जातात, मग तिसऱ्याला किंमत सांगता येत नाही, आणि शेवटी प्रिंटच निघत नाहीत. सरळ मार्ग असा, की परतीच्या गाडीतच सांगून टाकावं: छोटी फाइल सगळ्यांना मोफत, छापील प्रत विकत, अमुक किंमत, अमुक तारखेपर्यंत नावं द्या. मुदत दोन आठवड्यांची पुरे. लोकांच्या पायांतला ठणका जाण्याआधी मागणी येते; महिन्याने ग्रुपवर पुढच्या ट्रेकची चर्चा सुरू झालेली असते.

किंमत मांडून दाखवली तर कुणी घासाघीस करत नाही. उदाहरणादाखल, आपल्या लॅबचे दर घालून बघावं: प्रत २५० रुपये, नळी आणि बटर पेपर ८०, कुरिअर १२०, चाचणीची पट्टी आणि खराब निघणाऱ्या प्रतींसाठी ५०. झाले ५००. जोडकाम आणि रंगसुधारणेला सात-आठ तास जातात. त्यांचे ३,००० धरले आणि १४ प्रती निघाल्या तर प्रत्येकीवर साधारण २१५. ७१५ च्या खाली विकलं तर आपण स्वतःच्या खिशातून घालतो. हजार-बाराशे रास्त आहे. पैसे आधी घ्यावेत, सगळ्या प्रती एकाच दिवशी एकाच रोलवर काढाव्यात आणि मोजणीपेक्षा दोन जास्त काढाव्यात. सहा महिन्यांनी काढलेली पंधरावी प्रत रंगाला पहिल्या चौदांशी जुळेलच असं नाही.

हक्काचा गोंधळ आधीच मिटवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. कॅमेरा कुणाचा, ट्रेक कुणी आखला याने फरक पडत नाही. मात्र कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांबरोबर फोटोग्राफर म्हणून जाताना हे दोन ओळींत लिहून घ्यावं. ग्रुपच्या बाहेर विकायचं असेल तर ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांची संमती हवी. नाहीतर माणसं नसलेली फ्रेम घालून दुसरी आवृत्ती करावी. फ्रेम तीन-चारदा घेतल्याचा इथेही उपयोग होतो, त्यातली एक रिकामी घेऊन ठेवायची. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून व्यावसायिक चित्रण किंवा ड्रोन मनात असेल तर वन विभागाला आधी विचारावं.

नमुना दाखवायला व्हॉट्सॲप ठीक, पण छपाईची फाइल त्यावरून फोटो म्हणून कधीच घेऊ-देऊ नये. ती आकसून येते, आणि लांबट फोटोत उंचीला फारच कमी पिक्सेल उरतात. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठवली तर जशीच्या तशी राहते.

फ्रेम करून पाठवायचा मोह आवरावा. १२ × ३६ ला चहूबाजूंनी दोन इंच माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) धरलं तर १६ × ४० इंचांची काच लागते; २ मिलिमीटरची नुसती काच दोन किलोची होते, ॲक्रिलिक जेमतेम एक. पॅकिंगसह ११० × ५० × १० सेंटिमीटरचा खोका झाला तर कुरिअरवाला तिन्ही मापांचा गुणाकार ५,००० ने भागून ११ किलोचे पैसे लावतो. तोच प्रिंट नळीत ४५ × ११ × ११ मध्ये जातो, एक किलोच्या थोडा वर. हार्डवेअरच्या दुकानातला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि दोन झाकणं, याहून चांगली नळी नाही. पुठ्ठ्याची बारीक नळी स्वस्त असते, पण कागदाला इतका पीळ बसतो की फ्रेमवाला तो सपाट करताना मोडून ठेवतो.

प्रिंटसोबत फ्रेमवाल्यासाठी एक चिठ्ठी जरूर घालावी. प्रिंट वरच्या कडेला दोन ठिकाणीच चिकटवा, चारही बाजूंनी नको. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला सरकायला जागा मिळाली नाही तर मध्ये लाटा येतात. काच कागदाला टेकू देऊ नका, माउंट किंवा पट्टी घालून फट ठेवा, नाहीतर मुंबई-कोकणच्या दमटपणात फोटो काचेला चिकटतो आणि परत सुटत नाही. सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाटीवर) लावायचा असेल तर ३ मिलिमीटरचा या लांबीला वाकतो, ५ चा घ्या. ऊन थेट पडेल अशा भिंतीवर लावू नका.

आणि खालच्या समासात शिखरांची नावं. बारीक, करड्या रंगात, प्रत्येक टोकाच्या बरोबर खाली: तारामती, रोहिदास, नाफ्ता, जे जे त्या चौकटीत आलं असेल ते. नकाशा आणि होकायंत्राचे अंश जुळवून, ग्रुपमधल्या दोन जाणत्यांकडून तपासून मगच छापावीत. एक नाव चुकलं तर चौदा घरांत चुकीचं नाव वर्षानुवर्षं राहतं. मागच्या बाजूला तारीख, वाट, फोटो कुठल्या दिशेला बघून काढला ते, आणि बसलेल्यांची नावं डावीकडून उजवीकडे. कॉटन कागदावर हे पेन्सिलीने लिहावं. लॅबच्या कागदाची पाठ प्लॅस्टिकची असते, तिच्यावर पेन्सिल उमटत नाही. तिथे पिगमेंट शाईचं बारीक पेन घ्यावं, आणि शाई अर्धा तास वाळल्याखेरीज गुंडाळी करू नये, कारण ओली अक्षरं आतल्या वेढ्यात आकाशावर उमटतात.